कार्व्हेनियाच्या गादीवर कोण? (कादंबरीतल्या राज्याला वारस हवा आहे)

मृण्मयी_लिहितेय

नमस्कार मंडळी. कादंबरी लिहायला घेतली आहे. कार्व्हेनिया नावाचं काल्पनिक राज्य, साधारण पंधराव्या शतकातल्या मध्य युरोपासारखं. डोंगर, चांदीच्या खाणी, एक मोठी नदी, दोन बिशप आणि सदा भांडणारे सरदार. जादू नाही, ड्रॅगन नाहीत. तीन प्रकरणं सुरळीत झाली, चौथ्यात राजा मेला आणि गाडी अडली.

राजा आल्ब्रेख्ट तिसरा, वय ६१, शिकारीत घोड्यावरून पडून जातो. मागे कोण कोण आहे पाहा. थोरला मुलगा रुडॉल्फ बापाच्या आधीच वारलाय, त्याची मुलगी इसोल्डे ९ वर्षांची. राजाची मुलगी मार्गारेटा, वय ३१, शेजारच्या राजाला दिलेली, तिला ६ वर्षांचा मुलगा. राजाचा सख्खा भाऊ ड्यूक एर्न्स्ट, पंचावन्नचा, खडूस. लग्नाबाहेरचा मुलगा कॉनराड, २८, सैन्य त्याच्या ऐकण्यातलं. आणि राजाची दुसरी बायको आग्नेस, पाच महिन्यांची गरोदर.

माझा मूळ बेत असा होता की मरण्याआधी राजा फेलिक्स नावाच्या एका हुशार सरदारपुत्राला दत्तक घेतो, मोठा विधी होतो, सगळे साक्षीला, आणि तोच राजा. पण मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, हे युरोपात चालणार नाही, हे आपलं झालं.

तर नियमाने गादी कोणाची? आणि सोबत छोटा प्रश्न: नव्या राजाच्या नावापुढचा आकडा कोण ठरवतं?

---

पट_आणि_प्यादी

नियम तूच लिहायचास ना, राज्य तुझं आहे. मी राज्यं चालवायचे स्ट्रॅटेजी गेम रात्र-रात्र खेळतो, त्या अनुभवावरून सांगतो. बायकांना पूर्ण बंदी असेल तर एर्न्स्ट. बायकांना गादी नाही पण त्यांच्या पोटच्या मुलाला चालते असं असेल तर मार्गारेटाचा मुलगा. मेलेल्या मुलाची जागा त्याच्या लेकराला मिळते असं धरलं तर इसोल्डे. राजाला नात्याने सर्वांत जवळचं कोण एवढंच बघितलं तर मार्गारेटा. आणि सरदारांनी निवडायचा असेल तर जो जास्त वाटेल तो. पोलंडमध्ये १५७३ पासून राजा निवडूनच यायचा. पहिला निवडलेला फ्रेंच राजपुत्र वर्षभरात भाऊ मेल्याची खबर येताच रात्रीत क्राकोव्हहून पळून गेला, कारण तिकडे फ्रान्सची गादी मोकळी झाली होती. हे घाल कुठेतरी, धमाल येईल.

---

दिवाणी_दावा

मृण्मयीताई, बार्शीच्या कोर्टात वारसांचे दावे चालवता चालवता केस पांढरे झाले, पण राज्याचा दावा घेऊन अजून कोणी आलं नव्हतं. फीचं नंतर बघू.

वरच्या मित्रांनी नियम बरोबर सांगितले. पण 'नियमाने कोणाची' हा प्रश्न राजा मेला त्या दिवशी कोणी विचारत नाही. त्या दिवशीचा प्रश्न असतो, खजिना कुठे आहे आणि तिथे आधी कोण पोचतं.

२ ऑगस्ट ११०० चं उदाहरण घ्या. इंग्लंडचा राजा विल्यम रूफस न्यू फॉरेस्टमध्ये शिकारीला गेला आणि बाण लागून मेला. मूलबाळ नाही. थोरला भाऊ रॉबर्ट धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर. या दोघांमध्ये १०९१ मध्ये करारही झालेला, की एक निपुत्रिक गेला तर दुसरा वारस. म्हणजे कागद रॉबर्टच्या बाजूने. पण धाकटा हेन्री त्या शिकारीच्या टोळीत हजर होता. त्याने भावाचं प्रेत बाकीच्यांवर सोडलं आणि घोडा मारला तो थेट विंचेस्टरला, कारण खजिना तिथे. ५ ऑगस्टला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक. मोजून तीन दिवस. आमच्याकडे मयताच्या दाखल्याला याहून जास्त लागतात.

याच हेन्रीला पुढे स्वतःच्या मुलीसाठी कागद करावा लागला. एकुलता एक औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला, म्हणून त्याने ११२७ मध्ये सगळ्या सरदारांकडून मुलगी मटिल्डासाठी शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता. १ डिसेंबर ११३५ ला हेन्री नॉर्मंडीत वारला. मटिल्डा फ्रान्सकडच्या आंजूत नवऱ्याकडे, पुन्हा गरोदर. स्टीफन खाडी ओलांडून लंडनला आला, तिथून विंचेस्टरला गेला (तिथला बिशप त्याचा सख्खा भाऊ, हे लक्षात ठेवा) आणि २२ डिसेंबरला राजा झाला. शपथेचं काय? एक सरदार उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला की राजाने मरताना मन बदललं होतं, मी तिथे होतो. असले साक्षीदार मी खूप पाहिलेत. एकाला तर मयताचं मन बदललं त्या खोलीत खिडक्या किती होत्या हेही सांगता आलं नव्हतं. पुढे अठरा वर्षं मारामारी झाली आणि ११५३ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा निघावा तसा निकाल लागला: स्टीफन मरेपर्यंत राजा, त्यानंतर मटिल्डाचा मुलगा.

म्हणून ताई, वारस ठरवण्याआधी मला तीन गोष्टी सांगा. आल्ब्रेख्ट पडला तेव्हा शिकारीत सोबत कोण होतं? चांदीचा खजिना कोणत्या गावात आहे? आणि राज्याभिषेक करणारा बिशप कोणाचा नातेवाईक?

नियम नंतर येतात, आणि ते बहुतेक वेळा जिंकलेल्याचा वकील लिहितो. फ्रान्समध्ये बायकांना गादी नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते ठरलं कसं ते पाहा. १३१६ मध्ये दहावा लुई गेला, मागे चार वर्षांची मुलगी जान. काका फिलिपने तिला बाजूला सारलं, १३१७ च्या जानेवारीत राँसला अभिषेक उरकून घेतला, आणि मग फेब्रुवारीत सभा बोलावून ठरवून घेतलं की स्त्रीला फ्रान्सची गादी मिळत नाही. क्रम लक्षात घ्या. आधी मुकुट, मग कायदा. ज्या सालिक कायद्याचा सगळे दाखला देतात तो फ्रँक लोकांच्या जुन्या बाडात जमिनीच्या वारसाबद्दल होता, त्या सभेनंतर कित्येक वर्षांनी तो हुडकून या निकालाला जोडला. गंमत म्हणजे ज्याने पुतणीला हटवलं त्या फिलिपलाही मुलीच होत्या. १३२२ मध्ये तो गेला आणि त्याच्याच नियमाने गादी त्याच्या भावाकडे गेली.

आता तुमचा कॉनराड. बहुतेक लेखक अनौरस मुलाला खलनायक करतात किंवा बिचारा करतात. तुम्ही त्याला चांगला वकील द्या. पोर्तुगालात १३८३ मध्ये राजा फेर्नांदो वारला. मागे एकुलती एक औरस मुलगी बियात्रिश, दहा वर्षांची, आणि तिचं लग्न शेजारच्या कास्तीलच्या राजाशी झालेलं. तिला गादी म्हणजे देश शेजाऱ्याच्या घशात. तुमच्या मार्गारेटाचंही हेच दुखणं आहे. दुसऱ्या बाजूला राजाचा अनौरस सावत्रभाऊ जुआंव, लिस्बन शहर त्याच्या पाठीशी. १३८५ मध्ये कोइंब्रात सभा भरली. जुआंवचा वकील होता जुआंव दाश रेग्राश, कायद्याचा डॉक्टर. त्याने काय केलं असेल? 'माझा पक्षकार औरस आहे' असं एकदाही म्हणाला नाही, कारण नव्हताच. तो म्हणाला, बाकी कोणीही धड औरस नाही. फेर्नांदोची राणी आधीच कोणाची तरी बायको होती, तेव्हा ते लग्नच रद्दबातल, मुलगी बाद. दुसरे दोन सावत्रभाऊ होते, त्यांच्या आईबापांचं लग्न झाल्याचा पुरावा नाही, तेही बाद. मग गादी रिकामी आहे. गादी रिकामी असेल तर सभेला राजा निवडायचा अधिकार आहे. मग निवडा. आणि निवडला त्यांनी, ६ एप्रिलला. ऑगस्टमध्ये कास्तीलचं सैन्य चालून आलं ते अल्झुबारोटाला मोडलं, आणि युक्तिवादावर शिक्का बसला.

मला हा युक्तिवाद फार आवडतो. आपली बाजू लंगडी असेल तर समोरच्या सगळ्यांच्या पायाकडे बोट दाखवा. याच घराण्याच्या राज्यात पुढे पोर्तुगीज गोव्यात उतरले, म्हणजे कोइंब्रातल्या त्या भाषणाची झळ आपल्यापर्यंतही आली म्हणायची.

इसोल्डेच्या बाजूने बोलायचं तर १३७७ चा दाखला आहे: इंग्लंडात मेलेल्या युवराजाचा दहा वर्षांचा मुलगा दुसरा रिचर्ड राजा झाला, सगळे काका जिवंत आणि दांडगे असताना. विरुद्ध बाजूला ११९९, इंग्लंडचीच गादी. बारा वर्षांचा पुतण्या आर्थर आणि काका जॉन. नॉर्मंडीच्या रिवाजाने काका, आंजूच्या रिवाजाने पुतण्या. काका जिंकला, आर्थर कैदेत गेला आणि १२०३ नंतर कोणाला दिसला नाही. तुमच्या एर्न्स्टला खडूस म्हणालात, जरा सांभाळून.

---

गोथेनबर्गकर

दत्तकाबद्दल मैत्रिणीचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. आपल्याकडे विधिवत दत्तक घेतला की तो मुलगाच, साताऱ्याच्या गादीवर १८४८ मध्ये डलहौसीने ते नाकारलं तेव्हा लोकांना तो धडधडीत अन्याय वाटला. युरोपात रक्ताचा आणि चर्चमध्ये लागलेल्या लग्नाचा संबंध बघतात, दत्तक सहसा चालत नाही.

पण मी राहतो त्या देशात चाललाय. स्वीडनचा तेरावा कार्ल म्हातारा, मूल नाही. एक दत्तक युवराज आणला तो १८१० च्या मे महिन्यात घोड्यावरून कोसळून मेला (मृण्मयी, घोडे इथेही). मग ओरेब्रूला संसद भरली आणि ऑगस्टमध्ये निवडलं कोणाला, तर नेपोलियनचा मार्शल बर्नादोत! वकिलाचा मुलगा, फ्रेंच, कॅथलिक, स्वीडिश शून्य. त्याने धर्म बदलला, म्हाताऱ्याने दत्तक घेतलं, १८१८ मध्ये राजा झाला आणि स्वीडिश भाषा शेवटपर्यंत धड आली नाही. आज तेच घराणं गादीवर आहे. म्हणजे फेलिक्स चालेल, फक्त राजाची मर्जी पुरत नाही, आधी सभेने निवडायला हवा. आणि हे एकोणिसाव्या शतकात, पंधराव्यात जरा अवघड.

आकड्याचं म्हणशील तर इथली कथा तुझ्या फार कामाची. सोळाव्या शतकात योहानेस माग्नुस या आर्चबिशपने स्वीडनचा इतिहास लिहिला आणि त्यात जुन्या काळातले भरपूर राजे मनाने घातले. पुढे कार्ल नावाचा राजा आला त्याने ती यादी प्रमाण मानून स्वतःला नववा म्हणवलं. त्यातले पहिले सहा कार्ल कधी झालेच नाहीत. आताचा राजा सोळावा कार्ल, तो हिशोब अजून तसाच चालू. तेव्हा तुझ्या आल्ब्रेख्टच्या आधीचे दोन खरंच होऊन गेले का, हे कार्व्हेनियात कोणाला नक्की माहीत नसलं तरी हरकत नाही.

---

मृण्मयी_लिहितेय

बाप रे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वकीलकाका, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: शिकारीत कॉनराड सोबत होता, खजिना खाणीच्या गावात, ते एर्न्स्टच्या जहागिरीत येतं. बिशपचं अजून ठरवलं नाही, आता ठरवावं लागेल. फेलिक्सला दत्तकपदावरून काढलं.

पण राणी आग्नेसचं काय? ती पाच महिन्यांची आहे. चार महिने गादी रिकामी ठेवतात का?

---

दिवाणी_दावा

ठेवतात. गर्भातल्या मुलाचा हक्क तिकडेही आहे, इकडेही आहे. वर सांगितलेल्या १३१६ च्या प्रकरणात लुईची राणी गरोदरच होती, सगळे थांबले. नोव्हेंबरात मुलगा झाला, जन्मतःच राजा, पाच दिवस जगला. स्पेनमध्ये बारावा आल्फोन्सो नोव्हेंबर १८८५ मध्ये गेला, दोन मुली होत्या, तरी थांबले, मे १८८६ मध्ये मुलगा झाला तो पहिल्या श्वासापासून राजा. इंग्रज तर इतके काटेकोर की १८३७ मध्ये व्हिक्टोरियाच्या नावाची द्वाही फिरवताना त्यात पुस्ती जोडली, की मयत राजाच्या विधवेला मूल झाल्यास त्याचा हक्क अबाधित. ती विधवा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. पुस्ती कोणी लिहिली असेल त्याला माझा नमस्कार.

पण तुमच्या काळाचं आणि तुमच्या मुलखाचं खणखणीत प्रकरण हंगेरीचं आहे. ते नीट सांगतो.

ऑक्टोबर १४३९ मध्ये राजा आल्बर्ट वारला. राणी एलिझाबेथ गरोदर, आधीच्या मुली. वर तुर्कांची स्वारी. सरदार म्हणाले, पाळण्यातला राजा काय कामाचा, पोलंडच्या पोरसवदा राजाशी तू लग्न कर, तो आमचा राजा. राणीला मुलगाच होणार अशी खात्री होती. आता हंगेरीत एक अट अशी की संत इश्तवानचा पवित्र मुकुट डोक्यावर ठेवल्याशिवाय राजा राजा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी एका राजाला तीनदा अभिषेक करून घ्यावा लागला होता, कारण पहिल्या दोन वेळी मुकुट दुसराच होता. आणि हा मुकुट कडीकुलपात विशेग्रादच्या गडावर.

राणीने तिच्या दासीला पाठवलं. हेलेन कोटानर तिचं नाव, स्वतः लेकुरवाळी विधवा होऊन दुसऱ्यांदा लग्न केलेली बाई. फेब्रुवारी १४४०. दासींना घेऊन जायच्या निमित्ताने ती गडावर गेली, सोबत एक माणूस, त्याच्याकडे कानशी. रात्री कुलपं कापायला घेतली, जिथे कापली जाईनात तिथे दार जाळलं. बाहेर हेलेन गुडघे टेकून प्रार्थना करतेय आणि प्रत्येक आवाजाला दचकतेय. मुकुट काढला, मखमलीच्या उशीतला कापूसपिसं थोडी काढून त्यात घातला, उशी परत शिवली. नवी कुलपं लावली. कानशी संडासात टाकल्या. सकाळी ती उशी घसरगाडीत घालून निघाले. डॅन्यूब गोठलेली, पण बर्फ पातळ झालेला, दासींची गाडी मध्येच खचली, किंकाळ्या, कशाबशा वाचल्या. मुकुटाची गाडी पार झाली. ती कोमारोमला राणीपाशी पोचली, आणि त्याच रात्री राणीला मुलगा झाला. हे सगळं हेलेनने स्वतः सांगून लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला ठाऊक.

मे महिन्यात बारा आठवड्यांच्या बाळाला अभिषेक. तेलाचा थंड स्पर्श झाला की पोर रडणारच, रडलं. हेलेनने त्याला मांडीवर धरलं होतं, अंगातला जामानिमा तिनेच शिवलेला.

पण जिंकला का? नाही. सरदारांनी जुलैत पोलंडच्या राजाला बोलावून अभिषेक केला. खरा मुकुट नाही तर संताच्या अस्थी ठेवलेल्या पेटीवरचा मुकुट काढून वापरला, आणि वर जाहीर केलं की राजाचा अधिकार मुकुटातून येत नाही, प्रजेच्या मान्यतेतून येतो. बघा, खरा मुकुट हातात नसला की किती उदार विचार सुचतात. चार वर्षांनी तो पोलिश राजा वार्नाच्या लढाईत तुर्कांशी लढताना पडला, तेव्हा कुठे पोराचा नंबर लागला.

आग्नेसला एक हेलेन द्या. राजे-ड्यूक तुमच्याकडे भरपूर झालेत.

---

पट_आणि_प्यादी

एक नंबर. पण समजा, एवढं सगळं करून आग्नेसला मुलगी झाली तर?

---

मृण्मयी_लिहितेय

मुलगीच होणार आहे, कालच ठरवलं. वकीलकाका, मग पुढे?

---

दिवाणी_दावा

मग त्या बाळाला कोणी विचारणार नाही, मार्गारेटा थोरली आहे. आग्नेसची रवानगी एखाद्या मठात. मुकुट मात्र तिच्या उशीत, आणि हे तिच्याशिवाय दोघांनाच ठाऊक.

एर्न्स्ट लगेच इसोल्डेची मागणी घालेल, स्वतःच्या मुलासाठी. तसा मुलगा दाखवला नसेल तर तिसऱ्या प्रकरणात घुसडा. नातीचा हक्क आणि भावाचा हक्क एका घरात आला की दावाच मिटतो. पण एर्न्स्टचा मुलगा रुडॉल्फचा चुलतभाऊ, म्हणजे इसोल्डेचा काका लागतो. चर्चच्या हिशोबाने हे नातं निषिद्ध, रोमहून खास परवानगी आणावी लागेल. हिवाळ्यात आल्प्स ओलांडून माणूस जायचा, पैसे चारायचे, कागद घेऊन यायचा, यात महिने जातात. तेवढ्यात कॉनराडला सभा भरवता येईल. त्याचा वकील म्हणून फेलिक्सला घ्या, रिकामाच बसलाय.